पेशंट म्हणून पाठवतेयस की स्टुडंट म्हणून?

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई, माझ्या मुलीला, वय १८, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. घरात कुबड्या घेऊन चालते, लांब जायचं असेल तर व्हीलचेअर लागते, आणि दमते फार लवकर. युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन मिळालीय, आम्ही सगळे खूश, पण राहायचं कुठे यावरून घरात रोज वाद. तीन ऑप्शन आहेत. एक, कॅम्पसच्या टोकाला तळमजल्यावर एकटीचा स्टुडिओ, त्यावर अ‍ॅक्सेसिबल असं लिहिलंय. दुसरा, कॅम्पसच्या मधोमध तिसऱ्या मजल्यावर सहा जणींचा फ्लॅट, प्रत्येकीला आपली रूम आणि अटॅच्ड बाथरूम, किचन कॉमन, बिल्डिंगला लिफ्ट. तिसरा, बाहेरच्या कंपनीचं नवंकोरं हॉस्टेल, फोटो बघून डोळे दिपतात. मला पहिला बरा वाटतो, तिला दुसराच हवाय. परवा म्हणाली, आई तू मला पेशंट म्हणून पाठवतेयस की स्टुडंट म्हणून? मी गप्पच झाले. काय करू? एक काळजीतली आई."

ताई, लेकीचं ते वाक्य वाचून मी आधी हसले आणि मग जरा वेळ तशीच बसून राहिले, कारण अगदी हाच प्रश्न एका माणसाने साठ वर्षांपूर्वी एका मोठ्या युनिव्हर्सिटीला विचारला होता. एड रॉबर्ट्स. लहानपणी पोलिओ झालेला, मानेखाली जवळजवळ काहीच हलत नव्हतं, रात्री झोपायला आयर्न लंग नावाचं ते श्वास देणारं अवाढव्य मशीन लागायचं. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन मिळाली पण ते मशीन मावेल असं हॉस्टेलच नव्हतं, मग कॅम्पसवरच्या कॉवेल हॉस्पिटलात त्याला जागा दिली. पठ्ठ्या म्हणाला ठीक आहे, राहतो, पण ही माझी हॉस्टेलची रूम समजायची, पेशंटचा बेड नाही. पुढे त्याच मजल्यावर आणखी व्हीलचेअरवाले विद्यार्थी आले आणि त्यांनी स्वतःच्या गँगला रोलिंग क्वॉड्स असं नाव दिलं, क्वॉड म्हणजे चारही हातपाय अधू असलेला माणूस. म्हणजे तुमची लेक चांगल्या परंपरेत बसते, तिला रागावू नका.

आता मुद्द्याचं बोलू. माझा कल दुसऱ्या ऑप्शनकडे आहे, म्हणजे लेकीच्या बाजूने, पण तिसरा मजला मला खटकतोय आणि का खटकतोय ते खाली सांगते. आणि तुमचा पहिला ऑप्शन वाटतो तेवढा सेफ नाहीये, हेही आत्ताच सांगून टाकते म्हणजे धक्का एकदम बसून जाईल.

लोक रूम बघायला जातात ना, ते सकाळी अकरा वाजता, मस्त ऊन पडलेलं, सगळे फ्रेश, सोबत कॉलेजचा हसतमुख माणूस. तुम्ही त्याऐवजी डोळ्यासमोर गुरुवारची संध्याकाळ आणा. चार दिवस लेक्चर झालेत, पाय जड झालेत, पाऊस पडतोय, पाठीवर लॅपटॉपची बॅग आहे, कपडे धुवायचे राहिलेत आणि पोटात काही नाहीये. आता लायब्ररीपासून रूमपर्यंत तिला आणा, एकेक दार, एकेक पायरी, एकेक वळण. तिन्ही जागांचा हिशोब या एका संध्याकाळवर करा.

स्टुडिओ कॅम्पसच्या टोकाला. नकाशावर ते दहा मिनिटं दाखवतं, पण ती दहा मिनिटं कुणाची? कुबड्यांवर चालायला साध्या चालण्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते, आणि ती ताकद दिवसाकाठी मोजकीच असते, सकाळी येण्याजाण्यात खर्च झाली की लेक्चरमध्ये डोकं चालायला काही उरत नाही. वाटेत चढ आहे का, फरशी ओबडधोबड आहे का, मध्ये टेकायला बाक आहे का, हे नकाशा सांगत नाही. लेकीला तिच्या वेगाने, तिच्या बॅगेसकट एकदा चालू द्या आणि घड्याळ लावा. मग त्याला दोनने गुणा, कारण लेक्चरला जायचं म्हणजे परतही यायचंय, आणि मधल्या सुट्टीत पडून राहावंसं वाटलं तर अजून एक फेरी.

दुसरं, एकटेपणा. तुम्हाला वाटतं एकटीचं स्वतंत्र घर म्हणजे शांतता, कुणाचा त्रास नाही. पण पहिल्या वर्षाला मैत्री बहुतेक किचनमध्येच होते हो, भांडी घासता घासता, रात्री उगाच गप्पा मारत. स्टुडिओत राहणाऱ्या मुलीला प्रत्येक ओळखीसाठी मुद्दाम बाहेर पडावं लागतं, आणि जिला बाहेर पडणं हेच महागात पडतं तिलाच आपण तिथे ठेवतोय, बघा किती उलटं आहे. आणि समजा ती बाथरूममध्ये पडली, तर सहा जणींच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी धप्प आवाज ऐकेल, स्टुडिओत कोण ऐकणार?

तुम्ही म्हणाल तिथे इमर्जन्सीची लाल दोरी आहे. असेल. पण ती दोरी जमिनीपर्यंत लोंबतेय का ते बघा, पडलेल्या माणसाचा हात जमिनीवर असतो, वर नसतो. किती ठिकाणी ती सफाईच्या वेळी मध्ये येते म्हणून वर गाठ मारून ठेवलेली असते. आणि ओढल्यावर बेल वाजते कुठे? रात्री दोन वाजता त्या टोकाला जागं कोण असतं? हे विचाराच, आणि शक्य असेल तर सांगून, परवानगी घेऊन एकदा ओढून बघा.

अ‍ॅक्सेसिबल लिहिलंय म्हणालात, तर कुणासाठी अ‍ॅक्सेसिबल हे विचारायचं. कुणी नुसता दारातला उंबरा काढून अ‍ॅक्सेसिबल म्हणतं, कुणी खरोखर सपाट फरशीचं, शॉवरला पायरी नसलेलं बाथरूम, हँडल, खाली बसवलेलं बेसिन, सगळं करतं. मी शिकत असताना आमच्या हॉस्टेलात एक अ‍ॅक्सेसिबल बाथरूम होतं, पाटी अगदी ऐटीत लावलेली, आणि आत झाडू, बादल्या, मोडके पंखे. चावी ज्याच्याकडे तो संध्याकाळी घरी जायचा. तेव्हापासून पाटीवर माझा विश्वास नाही, टेपवर आहे.

तर टेप घेऊन जा. व्हीलचेअर पूर्ण फिरवायला साधारण १५० सेंमी व्यासाची मोकळी जागा लागते, आणि ती पलंग, टेबल, कपाट सगळं ठेवल्यावर उरलेली, रिकाम्या रूमची नाही. दार पूर्ण उघडल्यावर मिळणारी वाट कमीत कमी ८० सेंमी हवी, ९० असेल तर पोरीची बोटं सोलवटणार नाहीत. मोजायचं ते दाराची फळी नाही, उघडलेल्या दारापासून समोरच्या चौकटीपर्यंतची मोकळी जागा, इथेच सगळे फसतात. रॅम्प असेल तर त्याचा उतार १ ला १२ पेक्षा खडा नको, म्हणजे १५ सेंमीची एक पायरी चढायला १८० सेंमी लांब रॅम्प. याहून आखूड दिसला तर समजा कुणीतरी फळी टाकून वेळ मारून नेलीय. पलंगाची उंची, टॉयलेटची उंची यांचे पण आकडे असतात पण त्यात मी पडत नाही, तिथे लेकीने स्वतः बसून उठून बघायचं, तिचं शरीर आकड्यापेक्षा बरोबर सांगेल.

आणि दारं! याबद्दल कुणी बोलत नाही. हॉस्टेलांमध्ये आगीचा धूर अडवायला जी दारं असतात ती आपोआप बंद होणारी आणि मरणाची जड असतात. दोन्ही हात कुबड्यांत, तिसरा हात आणायचा कुठून? कॉरिडॉरमध्ये अशी चार दारं असतील तर गुरुवारी संध्याकाळी ती रूमपर्यंत पोचायच्या आधीच रडकुंडीला येईल. यावर उपाय आहे, दार उघडं धरून ठेवणारं मॅग्नेटचं यंत्र मिळतं, फायर अलार्म वाजला की ते आपोआप सुटून दार बंद होतं. युनिव्हर्सिटीकडे मागा. पाचर लावून दार उघडं ठेवायला मात्र मुलींना सांगू नका, ते धोक्याचं आहे.

आता तिसरा मजला. आग लागली की साधी लिफ्ट वापरायची नसते हे आपल्याला शाळेपासून माहितीये, पण मग लेकीने काय करायचं? काही बिल्डिंगमध्ये आगीतसुद्धा चालेल अशी खास लिफ्ट असते, काही ठिकाणी जिन्याजवळ धूर येणार नाही अशी थांबायची सुरक्षित जागा असते आणि तिथून माणसं येऊन जिन्यावरून उतरवायच्या खास खुर्चीतून खाली नेतात. ती खुर्ची भिंतीला टांगलेली असणं पुरेसं नाही, ती चालवायला शिकलेली माणसं रात्रीच्या शिफ्टला आहेत का हे विचारायचं. तिच्या एकटीसाठी लेखी प्लॅन बनवून मागा, नावासकट, कोण येणार, कुठे थांबायचं, कुणाला फोन करायचा, आणि राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात त्याची एक ड्रिल. "तेव्हा बघू, सगळे मदत करतातच" असं उत्तर मिळालं तर तो मजला कॅन्सल, यात मी लेकीचंसुद्धा ऐकणार नाही.

आग रोज लागत नाही, लिफ्ट मात्र बंद पडतेच. गेल्या वर्षभरात किती वेळा बंद पडली आणि दुरुस्तीला किती दिवस लागले हे ऑफिसला विचाराच पण तिथल्या राहणाऱ्या पोरांना जास्त विचारा, ती खरं सांगतात. एकच लिफ्ट आहे की दोन? बंद पडली तर त्या रात्री लेकीला खाली दुसरी रूम देणार का? नाहीतर ती वर अडकून पडेल किंवा खाली.

आणि इथे तुम्ही दोघींनी एक गोष्ट विचारलेलीच दिसत नाहीये. तशाच सहा जणींचा फ्लॅट त्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर आहे का? तुमच्यासमोर तीन फोटो ठेवले म्हणून जगात तीनच ऑप्शन आहेत असं नाही. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ मध्ये झाला, १८० हून जास्त देशांनी तो मान्य केलाय, त्याच्या १९ व्या कलमात सरळ लिहिलंय की कुठे आणि कुणासोबत राहायचं हे निवडायचा हक्क अपंग माणसाला इतरांइतकाच आहे, आणि २४ व्या कलमात उच्च शिक्षणात लागणारे वाजवी बदल करून द्यायचं बंधन आहे. प्रत्येक देशाचे आपले कायदे वेगळे, पण मागताना उपकार मागतोय असा आवाज लावू नका एवढंच.

मागायचं कसं तेही सांगते, कारण इथे फार जणांचं चुकतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसतं "सेरेब्रल पाल्सी आहे" असं असेल तर ऑफिसमधल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही, या एकाच नावाखाली पळणारी पोरंही असतात आणि पूर्ण वेळ खुर्चीतलीही. चिठ्ठीत काम लिहून घ्या. उभं राहून अंघोळ करता येत नाही, म्हणून शॉवरखाली बसायची सीट आणि भिंतीला हँडल. गरम भांडं हातात घेऊन चालता येत नाही, म्हणून किचनमध्ये ढकलायची ट्रॉली आणि ओट्याशी टेकून बसायला उंच स्टूल. अमुक मिनिटांपेक्षा जास्त चालता येत नाही, म्हणून मेन बिल्डिंगजवळची रूम. प्रत्येक "येत नाही"च्या पुढे एक "म्हणून" असला की ऑफिसला टाळता येत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून घेतलं तर अजून उत्तम, त्यांचं कामच हे आहे. आणि लवकर पाठवा, शक्यतो अ‍ॅडमिशन पक्की होतेय तेव्हाच, कारण अशा रूम मोजक्या असतात आणि भिंतीला हँडल ठोकायलासुद्धा मोठ्या संस्थेत महिने जातात. जे कबूल करतील ते ईमेलवर घ्या. फोनवर गोड बोललेला माणूस सप्टेंबरात बदली होऊन गेलेला असतो.

तिसऱ्या ऑप्शनबद्दल थोडक्यात. चकाचक आहे, पण बाहेरची कंपनी म्हणजे युनिव्हर्सिटीचं डिसेबिलिटी ऑफिस तिथे हात घालू शकतं का ते बघा, बऱ्याचदा नाही. करार नीट वाचा, तब्येतीमुळे मध्येच सोडायची वेळ आली तर पूर्ण वर्षाचं भाडं भरावं लागेल का, आणि रूममध्ये केलेले बदल जाताना तुमच्या खर्चाने काढून द्यायचे का. जिम आणि थिएटर बघून भुलू नका, तुमची लेक जिमला जाणार असेल तर जरूर जावो, पण कपडे धुवायचं मशीन तळघरात जिन्याखाली असेल तर त्या थिएटरचं काय करायचंय. हो, हे तिन्ही ठिकाणी बघा, मशीन कुठे आहे, कचरा कुठे टाकायचा, पार्सल कुठून घ्यायचं. रूम उत्तम असते आणि कचऱ्याचा डबा तीन पायऱ्या खाली.

हे सदर वाचणारे दुसरेही आईबाप असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द मध्येच घुसडते. ज्यांच्या मुलाला ऐकू कमी येतं त्यांनी अलार्मचं बघा, झोपताना कानातलं मशीन काढून ठेवल्यावर भोंगा ऐकू येत नाही, चमकणारा लाइट आणि उशीखाली थरथरणारं पॅड लागतं, आणि ते बाथरूममध्येही दिसायला हवं. फिट येत असतील तर टब नको, शॉवर घ्या, आणि बाथरूमचं दार बाहेर उघडणारं आणि बाहेरून उघडता येणारं, नाहीतर आत पडलेल्या माणसामुळे दारच अडतं. इन्सुलिनवाल्यांनी रूममध्ये स्वतःचा छोटा फ्रिज मागावा, न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं आणि गोठलं तर वाया, कॉमन फ्रिजमध्ये कोण कुठे ढकलेल भरवसा नाही. ऑटिझम असेल तर किती जणांचा फ्लॅट आहे, खिडकी रस्त्यावर उघडते का, ट्यूबलाइट भणभणते का हे बघा, आणि सगळ्यांच्या एक-दोन दिवस आधी राहायला यायची परवानगी मागा, सामानाच्या त्या गोंधळात पहिलं पाऊल टाकायला नको. तीच रूम पुढच्या वर्षीही मिळेल का हेही, कारण सवय झाली की उठवतात. दिसत कमी असेल तर आधी येऊन वाटा पाठ करायला वेळ हवाच.

आता हे पुढचं लेकीसाठी, ताई, तिला वाचायला द्या.

हे बघ, तुझं म्हणणं मला पटलंय पण तुझ्या आईची भीती पण खोटी नाहीये, तिने अठरा वर्षं रात्री तुझ्या खोलीतला आवाज ऐकत झोप काढलीय, ती सवय एका दिवसात जाणार नाही. तुला दुसरा ऑप्शन हवाय ना, मग वरचे सगळे प्रश्न तू विचार. ईमेल तुझ्या नावाने, तुझ्या अकाउंटवरून. तसंही तू १८ पूर्ण आहेस, बऱ्याच युनिव्हर्सिटी तुझ्या लेखी परवानगीशिवाय आईशी बोलणारही नाहीत, तेव्हा आईला काय कळावं आणि काय नको हे आधीच ठरवून टाक. माझं मत विचारशील तर तब्येतीच्या इमर्जन्सीत आईला फोन करायची परवानगी दे आणि बाकीचं आपल्याकडे ठेव.

फ्लॅटमधल्या पोरींना किती सांगायचं हा तुझा प्रश्न, सगळी मेडिकल हिस्टरी कुणाला द्यायची गरज नाही. पण पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी सांगून टाक, कॉरिडॉरमध्ये सायकल आणि बॅगा ठेवू नका, मी पडले तर लगेच ओढून उठवू नका आधी मला विचारा, आणि माझं सामान किचनच्या खालच्या कप्प्यात नको, मधल्या. हे नुसतं सांगायचं, माफी मागितल्यासारखं नाही. आणि त्यांना तुझी केअरटेकर बनवू नकोस, अंघोळीला, कपड्यांना खरंच मदत लागत असेल तर त्यासाठी माणूस वेगळा, आणि तो रात्री थांबणार असेल तर शेजारची रूम त्याच्यासाठी मिळते का ते आत्ताच विचार, मैत्रीण ही मैत्रीणच राहू दे. स्टुडिओ हवा की फ्लॅट याचा निर्णय तू तुझ्या चांगल्या दिवसाच्या जोरावर घेतेयस का तेवढं एकदा स्वतःला विचार. मी बऱ्याच हुशार पोरांना बघितलंय, आम्हाला काही स्पेशल नको म्हणून फॉर्मवरचा तो रकाना रिकामा सोडतात आणि नोव्हेंबरात तापाने पडलेली असताना हँडलसाठी अर्ज लिहीत बसतात. रकाना भर. मिळालेली गोष्ट वापरली नाही तर काही बिघडत नाही.

ताई, परत तुमच्याकडे. बघायला जाल तेव्हा ऑफिसवाला माणूस लेकीशी न बोलता तुमच्याशी बोलेल, हे होतंच, "यांना चालता येतं का?" असं तुम्हाला विचारेल. तुम्ही तेव्हा खिडकीबाहेर बघा. ती देईल उत्तर. तुम्ही टेपचं दुसरं टोक धरायला मात्र नक्की जा, कुबड्या घेऊन एकटीने दार मोजता येत नाही. जमलं तर दोनदा जा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री दहानंतर, लाइट कुठे आहेत आणि आवाज किती आहे ते तेव्हाच कळतं.

तळमजल्यावरच्या फ्लॅटबद्दल ऑफिस काय म्हणालं ते मला कळवा, आणि लिफ्टचं काय निघालं तेही.